नोई मावशीची कढई

हुआ हिन, थायलंड
८ एप्रिल १९९५

ती. आईस,
समुद्रकाठावरून वैजूचा नमस्कार.

आधी हे वाच: मिताली आता बरी आहे. आज वाळूत किल्ला केला तिनं. तुझं बीपी कसं आहे? गोळ्या चुकवू नकोस.

इथे नूडल्सवर, सॅलडवर, सॉसमध्ये, सगळीकडे दाणे. हॉटेलच्या रिसेप्शनिस्टनं थाईमध्ये चिठ्ठी लिहून दिली, 'दाणे खाल्ले तर आमची मुलगी मरेल.' ती वाचून चार रेस्टॉरंटवाल्यांनी हात जोडले. शेवटी मासळीच्या धक्क्याजवळ नोई मावशीची टपरी सापडली. तिनं कढई घासली, नवं तेल ओतलं आणि अंडं घालून भात परतला. तीन दिवस तिथेच जेवलो.

गुरुवारी जेवून रूमवर आलो आणि तासाभरात मितालीचे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन दिलं. मी तडक जाऊन नोईवर ओरडले, चार लोकांसमोर. ती बिचारी एकेक डबा उघडून दाखवत राहिली. दाणा कुठेच नव्हता.

मग आठवलं, रूमवर मितालीनं तुझ्या डब्यातला लाडू खाल्ला होता. आईच्या हातचा, म्हणून शंकाच आली नाही मला.

'दाण्यानं कधी कुणाला काही झालंय का?' असं तू हॅरोच्या घरी किचनमध्ये म्हणाली होतीस. फोनवर तू रडशील आणि माझं विचारायचं राहून जाईल, म्हणून लिहितेय.

नोईची माफी मागून आले. बावीस तारखेला हीथ्रोवर घ्यायला येशील, तेव्हा मितालीला जवळ घेण्याआधी एवढंच सांग: लाडवात कूट घातलं होतंस का?

तुझी,
वैजू