तानुबाईंचा पासपोर्ट व समितीची स्मरणपत्रे

प्रति,
मा. शिबिरप्रमुख श्री. दत्तप्रसाद गोडसे,
बाल मानवी हक्क शिबिर,
मराठी स्नेहमंडळ, बर दुबई.

विषय : घरगुती मानवी हक्क करारावरील अर्जदाराची सही रद्द होणेबाबत.
संदर्भ : समितीचे (म्हणजे कु. ईश्वरीचे) फ्रिजवर लावलेले ताजे स्मरणपत्र.

महोदय,

१. अर्जदार गुणवंत जगदाळे हा जुमेरा लेक टॉवर्स येथे पत्नी शोभना, कन्या ईश्वरी व मातोश्री तानुबाई यांच्यासह राहतो. सुट्टीत टॅबवर डोळे फोडण्यापेक्षा बरे, या शुद्ध हेतूने त्याने ईश्वरीला आपल्या शिबिरात घातले. मानवी हक्कांचे करार केलेले युरोपीय देश ते पाळतात की नाही, हे आंतरराष्ट्रीय समित्या कशा तपासतात, ते आपण मुलांना शिकवले. ईश्वरीच्या गटाला एक थंड, श्रीमंत देश मिळाला होता. सरकारचा गुळगुळीत अहवाल, तिथल्या संस्थांचा दुसरा खडबडीत अहवाल आणि त्यावर समितीचे प्रश्न, असे सगळे तिने जेवताना आम्हांस ऐकवले. देश परका होता तोवर अर्जदाराने मनापासून कौतुक केले.

२. समारोपाला आपण पालकांपुढे 'घरगुती करार' ठेवलात. फोटोग्राफर उभा होता, मागून बटाटेवड्यांचा वास येत होता. अर्जदाराने न वाचता पहिली सही ठोकली, पुरवणी करारावरही ठोकली. घरातील कोणालाही समितीकडे थेट तक्रार करता येईल, असे त्या पुरवणीत होते, हे घरी गेल्यावर कळले. युरोपातही बऱ्याच सह्या फोटोसाठीच होत असाव्यात, असा अर्जदाराचा नम्र अंदाज आहे.

३. पहिली तक्रार मातोश्रींची. त्यांनी सांगितली, ईश्वरीने लिहून घेतली : "मला घरला जायचंय. इचारलं की ह्यो म्हणतो, इन्शाल्ला, पुढल्या महिन्यात." वस्तुतः मातोश्रींना येथे काही कमी नाही. एसी आहे, मराठी मालिका आहेत, खिडकीतून तळे दिसते. गावी त्या एकट्या पडतील या काळजीने अर्जदार तिकीट लांबवत होता. तसा खुलासाही केला. त्यावर समितीचे लेखी उत्तर आले की प्रत्येक देश असेच म्हणतो, आणि 'इन्शाल्ला' ही मुदत धरता येत नाही.

४. तदनंतर छळास सुरुवात झाली. शोभना यांनी 'स्वयंसेवी संस्था' या नात्याने वेगळा अहवाल दिला. वॉचमन मुश्ताकभाई निरीक्षक झाले, ते लिफ्टपाशी गाठून "साब, अम्मा का टिकट हुआ?" असे विचारतात. अर्जदाराने मौन धरले, तर ईश्वरीने बजावले, "डॅड, नो रिप्लाय इज ऑल्सो गोइंग इन द रिपोर्ट." समितीकडे ना पोलीस, ना छडी, तिने फक्त विचारत राहायचे, हे आपणच शिकवलेत. महोदय, छडी परवडली असती.

५. मग प्रश्न आला : तानुबाईंचा पासपोर्ट कोणाकडे आहे? अर्जदाराकडे होता. कपाटात, कुलपात, हरवू नये म्हणून. अर्जदार या देशात नवीन आला तेव्हा त्याच्या पहिल्या कंपनीनेही हेच कारण सांगून त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला होता. त्या वेळी तो फोनवर आईपाशीच रडला होता. आईने ही गोष्ट समितीला सांगितली नाही. अर्जदाराला त्याचीच जास्त लाज वाटली.

६. त्याच संध्याकाळी पासपोर्ट मातोश्रींच्या हाती दिला. तो पिशवीत घालून त्या एकट्याच तळ्याला फेरी मारून आल्या. येत्या शुक्रवारचे तिकीट निघाले आहे. काल बॅग भरताना अर्जदाराने सहज विचारले, आई, परत कधी येशील? मातोश्री घडी घालता घालता शांतपणे म्हणाल्या, "इन्शाल्ला."

७. सबब विषयात नमूद केलेली विनंती अर्जदार मागे घेत आहे. सही राहू द्यावी. मात्र समितीचे कार्यक्षेत्र गावापर्यंत वाढवावे, आणि वरील उत्तराबाबत तानुबाईंना वरचेवर स्मरणपत्रे धाडावीत. नक्की तारीख मिळेपर्यंत समितीने विचारणे थांबवू नये, एवढेच मागणे आहे.

आपला नम्र व अद्याप करारबद्ध,
गुणवंत जगदाळे
दि. २० ऑगस्ट २०२५

सोबत :
१. तिकिटाची प्रत (फक्त जाण्याचे).
२. सही करतानाचा फोटो. अर्जदार कॅमेऱ्याकडे पाहत आहे. मागे मातोश्री दिसतात. त्या कागदाकडे पाहत आहेत.