मी कुठल्या बाजूला होते

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवतं का ग, शाळेच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून तू माझ्या भूगोलाच्या वहीत नकाशा पुरा करून द्यायचीस? बस हिसके द्यायची, पण तुझी नदी कधी काठ सोडायची नाही. भूगोल शिकवणाऱ्या सिस्टरना दर वेळी कळायचं आणि दर वेळी त्या काही बोलायच्या नाहीत. सकाळपासून तेच आठवतंय, कारण मंगळवारी मी एक नकाशा काढला आणि त्यावरून इथे घर ढवळून निघालंय.

मी धडधाकट आहे. हे आधी लिहिते, नाहीतर उरलेलं पत्र तू उभ्यानेच वाचशील. फोनवर बोलता येत नाही, लेक बाळाला घेऊन शेजारीच असते.

बाळाचं औषध आणायला मी एकटीच गाडी घेऊन निघाले होते. तुला माहीतच आहे, इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि चालवणारा डावीकडे बसतो. सगळं आपल्या उलट. विसरू नये म्हणून मी उजव्या मनगटाला तांबडी लोकर बांधते. जावई म्हणतात, सासूबाईंनी नवस केलाय. तर गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळले, थोडी पुढे गेले असेन, तोच समोरून पांढरी व्हॅन आली. त्यापुढचा मला आवाज आठवतो, चित्र आठवत नाही.

व्हॅनमधला माणूस प्लंबर होता. उजव्या खांद्याचं हाड मोडलं बिचाऱ्याचं. तरी दुसऱ्या हाताने त्याने आपल्या थर्मासमधलं पाणी मला दिलं. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी येत नाही, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघून नुसत्या माना हलवत होतो. लोकांनी गाड्या ढकलून कडेला लावल्या. इथे अपघात झाला की दोन्ही चालकांनी मिळून एक कागद भरायचा आणि गाड्या कुठे होत्या त्याचा नकाशा काढायचा, अशी रीत आहे. त्याचा हात चालेना, म्हणून दोघांच्या वतीने मीच काढला. पट्टी नव्हती, तर औषधाच्या चिठ्ठीची कड धरून रेघा मारल्या. त्याने न बघताच डाव्या हाताने सही केली.

घरी लेकीने कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. नकाशात माझी गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे इथल्या हिशेबाने चुकीच्या. ती म्हणते, आई, तू सवयीने आपल्याकडचा रस्ता काढलास; गाडी बरोबरच होती, नकाशा चुकला. असेलही. आयुष्यभर रस्ता म्हटला की हाताला तोच येतो. पण ताई, मला खरंच आठवत नाही. प्लंबरच्या डोक्याला मार लागलाय, त्यालाही आठवत नाही. दोन्ही गाड्यांचे डावे दिवे फुटलेत, त्यावरून काही ठरत नाही म्हणे. पुढल्या महिन्याच्या चार तारखेला मला अधिकाऱ्यासमोर लेखी द्यायचंय. नकाशा चुकला म्हटलं, तर प्लंबर माझ्या अंगावर आला असं होईल आणि त्याचा परवाना वर्षभरासाठी जाईल. व्हॅनशिवाय तो काय पाइप डोक्यावर घेऊन हिंडणार? आणि नकाशा खरा म्हटला, तर चुकीच्या बाजूने मी गेले असं होईल. एरवी बाळाला बाबागाडीतून मी फिरवायचे, कालपासून लेकच नेते.

काल स्वयंपाकघरातला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा तेही मला क्षणभर सुचेना. मी काय लिहून देऊ?

तुझी माया माझ्या वाट्याला आहे, ती तेवढी हलू देऊ नकोस.
तुझी,
चिमी


१४ मार्च

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं. दूध उतू गेलं. ते तुझ्या खाती.

नळाचं मनावर घेऊ नकोस. मी इथे चाळीस वर्षं त्याच घरात राहून परवा चष्मा शीतकपाटात ठेवला. लगेच मला म्हातारचळ लागला असं कुणी म्हणालं नाही. तुझे भावजी म्हणाले, पण त्यांचं कोण ऐकतं.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. त्या माणसाने पाणी दिलं म्हणून तू सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायला निघशील. ते करू नकोस. आणि लेक सांगते म्हणून त्याच्या अंगावरही ढकलू नकोस. दया वेगळी, साक्ष वेगळी.

मी तीस वर्षं नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढले. जागेवर गेलं की आमचे साहेब सांगायचे, आधी कागद मिटा. कागदावर काय असायला हवं ते विसरा आणि हाताशी काय आहे ते सांगा. तेच तुला सांगते. कुठली बाजू, हे आठवूच नकोस. तू डावीकडे बसली होतीस, म्हणजे तुझी खिडकी डावीकडची. तू उजव्या अंगाने जात असशील, तर त्या खिडकीबाहेर रस्त्याचा मधला भाग आला, आणि दुकानं पलीकडे लांब. तू डाव्या अंगाने गेली असशील, तर खिडकीबाहेर लगेच फुटपाथ. आवाज होण्याआधी तुझ्या खिडकीतून तुला काय दिसलं? एवढंच आठव. मग पायी जाऊन तिथे उभी राहा.

जे निघेल ते निघेल. तू माझी चिमीच राहशील.
आहे तो लोभ वाढता आहे.
तुझी ताई


२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. वाचल्या क्षणी उत्तर आलं होतं, म्हणूनच ठेवलं.

आवाजाच्या आधी मला एक बाई दिसली होती. कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान आहे, त्याच्या काचेशी ती सदऱ्याच्या कॉलरला इस्त्री करत होती. इस्त्रीचं टोक कॉलरच्या कोपऱ्यात शिरताना मला दिसलं. तिने मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. मला वाटलं, नंतरचं असेल. पण नंतर तर ती इस्त्री टाकून धावत आली होती, तिनेच मला खुर्ची दिली.

आज एकटीच तिथे गेले. दुकान गल्लीतून वळल्यावर डाव्या हाताला आहे. आधी समोरच्या फुटपाथच्या काठावर, उजव्या अंगाने जाणारी गाडी जिथून जाते त्याच्या अगदी लगत, उभी राहिले. मध्ये अख्खा रस्ता. चष्मा पुसून पुसून पाहिलं. बाई आहे एवढं कळतं, हातात काय आहे ते कळत नाही. मग रस्ता ओलांडून दुकानापाशी, डाव्या अंगाला उभी राहिले. टोक दिसलं.

नकाशा बरोबर होता ग. मीच चुकले. मनगटाला लोकर बांधलेली होती, आणि तरी.

मला वाटलं होतं, एकदा कळलं की मन स्वच्छ होईल. तसं नाही. अजून डोळे मिटले की मी उजवीकडेच असते, रस्ता मोकळा असतो. डोकं एक सांगतं आणि खिडकी दुसरं. पण लिहून खिडकीचंच देणार.

लेकीला तोंडाने सांगायला धजत नाही. तिच्यासाठी वेगळं लिहून ठेवते.

मायेत अंतर नको.
तुझी,
चिमी


४ एप्रिल

चि. ठकीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

समोर बसून सांगितलं, तर तू मध्येच जाऊ दे म्हणशील आणि मी जाऊ देईन. म्हणून हे चहाच्या डब्याखाली ठेवून बसने अधिकाऱ्याकडे निघाले आहे. नकाशा मी सवयीने काढला नव्हता. गाडीच सवयीने चालवली. इस्त्रीवाली बाई मला हाताच्या अंतरावर दिसली होती, आणि ती तशी एकाच बाजूने दिसते. तू माझी बाजू घेतलीस, ते मला आवडलं. पण त्या माणसाचा परवाना जायला नको.

उशीर झाला तर काळजी करू नकोस, पत्ता खिशात आहे. आता एवढं कर. टेबलावर तीन पाकिटं आहेत. जाडं पाकीट विमा कचेरीचं. त्यात माझ्या लेखी जबाबाची प्रत आहे, जावयांनी ती आजच्या आज पोचवावी. दुसरं प्लंबरचं. त्यातही तीच प्रत आहे, पण त्याच्या भाषेत. इस्त्रीवाल्या बाईच्या मुलीने ती इंग्रजीवरून करून दिली. ते त्याच्याच हातात द्या, दारात टाकू नका. तिसऱ्यात माझा परवाना आहे, तो तुझ्याकडे ठेव आणि मी मागितला तरी देऊ नकोस. गाडीच्या किल्ल्या जावयांच्या कोटात घातल्या आहेत. बाळाचं औषध दुपारी दोनला, अर्धा चमचा. आणि बाळाला पुन्हा माझ्याकडे कधी द्यायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही.