रांजणाच्या झाकणाची पट्टी

ती. दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं बांधलेलं आहे, त्यामुळे अक्षर लंगडतं आहे. ते पट्टीच्या कामात झालं, पुढे येईलच.) इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा रक्तदाब आणि तुमचं पथ्य ही दोन्ही ताब्यात असतील, म्हणजे ताईच्या ताब्यात असतील, अशी आशा करतो. पाचव्या मजल्यावरचं बिऱ्हाड सोडून तुम्ही अंगण असलेल्या घरात आलात, हे वाचून मनापासून आनंद झाला. पुढे तुम्ही लिहिलंत की येत्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो आणि अंगणात ठेवायला आमची भट्टी परत नेतो. ते वाचून आनंद किंचित कमी झाला. का, ते सांगायलाच हे पत्र लिहितो आहे.

तुमच्या त्या कोळशाच्या, जाड भाजक्या मातीच्या भट्टीला आमच्या घरात रांजण म्हणतात. वर्षापूर्वी तुम्ही पाचव्या मजल्यावर राहायला गेलात आणि चार जणांनी कण्हत कण्हत ती आमच्या मागच्या अंगणात उतरवली, तेव्हा तिचं गोल पोट आणि वरचं जड झाकण बघून हिने सहज रांजण म्हटलं आणि तेच नाव पडलं. आता झाकण आणि पोट जिथे मिळतात तिथे कडेने नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाची, एक पट्टी असते, गॅस्केट. कुकरच्या झाकणाला रिंग असते, त्यातलाच प्रकार. पट्टी शाबूत असेल तर आतली हवा आपल्या मुठीत राहते, पट्टी गेली की कोळसा कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तर दाजी, ती पट्टी गेली. आणि ती मीच घालवली. आमच्या पाणीपुरवठा खात्यात दरवर्षी टाकी रिकामी करून घासायची पद्धत होती. रांजण आतून काळाकुट्ट झालेला मला बघवेना, आणि घासायचा तर आत पुरतं शिरता येईना. (डोकं खांद्यापर्यंत गेलं होतं. बाहेर काढताना हिची मदत लागली.) म्हणून जाळूनच साफ करावा, असा विचार करून खालचं आणि वरचं अशी हवेची दोन्ही दारं सताड उघडून तो पेटवला आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. छोट्या जाहिरातींपर्यंत पोचलो तोवर झाकणावरचा तापमानाचा काटा चारशेच्या पुढे जाऊन टेकला होता. झाकण उचललं तर अर्धी पट्टी झाकणाला, अर्धी पोटाला, आणि मधे वितळलेल्या गोंदाच्या डांबरासारख्या तारा.

दुसऱ्या एखाद्या घरात ही गोष्ट चहाबरोबर संपली असती. आमच्याकडे तसं नाही. चिरंजीवांनी मी खटपट करून लावून दिलेली खात्यातली नोकरी सोडली आणि बेकरीत पीठ मळायला जायचं ठरवलं, तेव्हा मी काय काय बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे. (सगळं ठाऊक नाही. जे ठाऊक आहे त्याच्या दुप्पट धरा.) त्यानंतर दीड वर्ष तो या घराची पायरी चढला नाही. मग तुमचा रांजण आला, मला तो पेटवता येईना, हिने त्याला फोन केला, आणि तो आला. तेव्हापासून दर रविवारी येतो. मंद आचेवर मांसाचा मोठा तुकडा भाजायचा तर चार तास लागतात आणि चार तास कोणीतरी शेजारी बसावं लागतं. पहिले दोन महिने आम्ही फक्त अंशांत बोललो. तो म्हणायचा एकशे तीस, मी म्हणायचो पस्तीसवर गेला. मग गाडी कोळशावर आली, मग त्याच्या बेकरीतल्या भट्टीवर. आणि मध्यंतरी एका रविवारी त्याने मला विचारलं की बाबा, तुमच्या पंपहाऊसमध्ये उन्हाळ्यात किती तापायचं हो? माझ्या कामाबद्दल त्याने आयुष्यात विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पाऊण तास उत्तर दिलं आणि त्याने ते ऐकून घेतलं. दाजी, मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे मी हिलाही सांगितलेलं नाही. तेव्हा रांजण बंद म्हणजे रविवार बंद, हे सरळ आहे, आणि ते मी होऊ देणार नाही.

एकतीस वर्षं ज्याने शहरभरच्या पाइपांची गॅस्केटं बदलली, त्याला एक पट्टी निवडायला किती वेळ लागावा? मीही असंच म्हणून सकाळी बाहेर पडलो. पहिल्या दुकानदाराने माझं वर्णन अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि दहा लिटरच्या कुकरची रिंग काढून दिली. याहून मोठं हवं म्हटल्यावर पिंपाच्या झाकणाची दिली. त्याहूनही मोठं म्हटल्यावर त्याने घरी कोणी मोठं माणूस आहे का, असं विचारलं. शेवटी शेगड्या आणि धुराडी विकणारा एक मितभाषी गृहस्थ सापडला. त्याच्याकडे तीन प्रकार होते, पांढरा नमदा, काळा नमदा आणि काचेच्या धाग्यांची विणलेली पट्टी. तिन्हींचे तुकडे मी घरी आणले आणि चिमट्यात धरून गॅसवर त्यांची परीक्षा घेतली. पांढरा पेटला, काळा नुसताच रागावला आणि काचेचा ढिम्म हलला नाही. (हिचं दूधही त्या वेळात उतू गेलं, पण तो परीक्षेचा भाग नव्हता.) मी काचेची पट्टी पक्की केली, आणि तीही दुकानातली सर्वांत जाड. गॅस्केट घ्यावं ते जाड, हे माझं तत्त्व आहे. दुकानदाराने विचारलं की झाकण दाबायला काय आहे? मला त्याच्या अडाणीपणाची कीव आली आणि मी त्याला पट्टी बांधून द्यायला सांगितलं.

पट्टी चिकटवली. आता ती गळते की नाही हे बघायला हवं. आमच्या खात्यात पाण्याने तपासल्याशिवाय कुठलंच काम पास होत नसे, साहेबांचा जावई असला तरी नाही. म्हणून मी खालचं हवेचं दार खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीने लिंपलं, झाकण लावलं, वरच्या धुराच्या भोकात बागेची नळी घातली आणि रांजण गळ्यापर्यंत भरला. दाजी, तो चहूबाजूंनी गळला. एका बाजूने गळला असता तर दोष सापडला असता. गोंद सुटला, पट्टी कमरेचा कडदोरा सैल व्हावा तशी खाली घसरली, राखेचं पाणी हिच्या वाळत घातलेल्या चादरींखालून वाहत गेलं, आणि नेमक्या त्याच वेळी, रविवार असल्यामुळे, चिरंजीव पाव घेऊन आले.

तो हसला नाही. हसला असता तर मी चिडलो असतो आणि गोष्ट संपली असती. त्याने रांजण रिकामा केला, पुसला, पट्टी तात्पुरती जागेवर बसवली, वर्तमानपत्राची एक चिंधी कडेवर ठेवून झाकण लावलं आणि चिंधी ओढली. मागच्या बाजूला, बिजागरीपाशी, ती फाटेपर्यंत निघेना. पुढच्या बाजूला तिच्या जोडीला माझं बोटही आत गेलं. बेकरीतल्या भट्टीचं दार ते असंच तपासतात म्हणे. मग तो एवढंच म्हणाला, "बाबा, इथे आवळायला बोल्ट नाहीत. झाकणाचं वजन आहे, तेवढंच." एकतीस वर्षं मी आवळत आलो, दाजी. नुसतं टेकून बसणारं काही माझ्या हातात कधी आलंच नव्हतं.

पण हात टेकेल तो मी नव्हे. जाड पट्टी चुकली, हे मान्य. आता प्रश्न काळ्या नमद्याचा आहे. तो तीन मिलिमीटर घ्यावा की चार, रुंदी किती, सांधा पुढे ठेवावा की मागे, गोंद मागून लावलेला बरा की आधीच लावून आलेला, असे प्रश्न उभे आहेत, आणि त्यातला एकेक मी सोडवतो आहे. शिवाय भिजलेला रांजण मंद आचेवर पुरता वाळायला हवा, घाई केली तर तडकेल. तुमची वस्तू मी नादुरुस्त परत करणार नाही, त्यात तडजोड नाही. म्हणून शेवटच्या रविवारी टेम्पो आणू नये, ही विनंती. पुढची तारीख पट्टी ठरल्यावर कळवीन. पट्ट्यांच्या बाबतीत घाई बरी नव्हे. ताईला साष्टांग नमस्कार, आणि माझ्यावर रागावू नका.

तुमचा,
अजून पट्टीच्याच मागे असलेला मेहुणा

ता.क. वरचं पत्र परत वाचलं. तुम्ही मला पोटच्या पोरासारखं वागवलंत, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. काळा नमदा, तीन मिलिमीटर, चिरंजीवाने तीन रविवारांपूर्वीच बसवला. वीस मिनिटं लागली. रांजण वाळला आहे, हवा तिळभरही गळत नाही, आणि दारं बंद केली की कोळसा गुमान विझतो. बोटं मात्र खरंच कापली आहेत, पण कांदा चिरताना.

ता.क. २. तेव्हा खरं मागणं असं. रांजण आमच्याकडेच राहू द्या. तुमच्या अंगणात तुम्ही दुसरं काहीही ठेवा, मी आणून देतो. तो गेला तर चार तास बसायला आम्हाला कारण उरणार नाही, आणि मुलाला नुसतं ये म्हणून बोलवायचं कसं, ते मला येत नाही.

आतोबांना नमस्कार. बाबांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं, मी वाचलं. तुम्ही ठरलेल्या रविवारी खुशाल या आणि रांजण घेऊन जा, चार माणसं मी बेकरीतून आणतो. मी रविवारी तसाही येणार आहे. बाबांना हे तुम्ही सांगू नका. मीच सांगेन, दोन-तीन रविवार लागतील.