नुसतं दही-साखर

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची आठवण निघाली की मी दातओठ खाते. आणि माझे दात शाबूत आहेत, हे आधी ऐकून घ्या. साठी ओलांडली, एकही किडलेला नाही. तुमचे चाळिशीतच पडायला लागले होते. लोणावळ्याच्या बाजारातले नावाजलेले चिक्कीचे कारागीर तुम्ही. उकळत्या गुळाचा थेंब पाण्यात टाकून, बोटानं दाबून "झाला" म्हणायचात, आणि मालकसुद्धा मान डोलवायचा. पाकाचं तुम्हाला सगळं कळायचं. पोटच्या पोरीचं मात्र ओ की ठो कळलं नाही.

गोड पोटात गेलं की मला घाम फुटायचा, उलटी व्हायची, हातपाय गार पडायचे. तुम्ही दिलेला चिक्कीचा तुकडा मी तोंडातून काढून ओट्याच्या फटीत लपवायची. तो सापडला की चारचौघांत म्हणायचात, "गाढवाला गुळाची चव काय!" आणि आपणच खो खो हसायचात. काय ती अक्कल! पोरगी वाळत चाललीय, आणि तुम्हाला लाज कसली, तर चिक्कीवाल्याच्या घरात गूळ थुंकला जातो याची. "नाटकं हायेत समदी. दोन फटकं द्या, मंग बगा गूळ कसा बादतोय ते." हे तुमचं वैद्यक.

शेवटी आईच मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी आधी माझे दात पाहिले आणि विचारलं, "हिला गोड नकोसं वाटतं का हो?" एवढं कुणी विचारलं यालाच आई रडली. ते म्हणाले, फळांत, मधात, साखरेत जी एक साखर असते ती हिच्या अंगाला सोसत नसावी. पण खात्री करायची तर ती थोडी शिरेतून द्यायची आणि दर थोड्या वेळानं रक्त काढून बघायचं. त्याआधी तीन आठवडे गोडाचा कणही नको, आणि त्या सकाळी उपाशीपोटी आणा.

आईनं गुळाचा डबा शेजारच्या मावशींकडे नेऊन ठेवला. मला भाकरी, भात, बिनसाखरेचं दूध. तुम्ही कारखान्यातून आलात की आई आधी गुळानं चिकटलेला सदरा बाहेर काढायला लावायची. रोज संध्याकाळी माझ्या दंडाला फडकं बांधून कोपराच्या खळीत नखानं टोचायची. "येवढंच दुखंल. हात हलवायचा न्हाई." मग मी तसंच बाहुलीला टोचायची. आणि आबा, त्या तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा शाळेतून घरी पळत आले. ते बघायला तुम्हाला डोळे कुठे होते?

त्या सकाळी आई मावशींकडे किल्ली द्यायला गेली, तेवढ्यात तुम्ही वाटीत दही-साखर कालवलंत. चांगल्या कामाला निघताना तोंड गोड करूनच उंबरा ओलांडायचा, एवढं एकच शास्त्र तुम्हाला येत होतं. कामशेत यायच्या आत मी गाडीत आईच्या पदरात ओकले.

डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं का हिनं?" तुम्ही छाती काढून सांगितलंत, "कायबी न्हाई सायेब. नुस्तं दही-साखर दिलं निघताना." नुस्तं! तुमच्या लेखी ते खाणं नव्हतंच, तो शकुन होता. डॉक्टरांनी कागद मिटून ठेवला. आज होणार नाही म्हणाले, पुन्हा तीन आठवडे पथ्य करा.

आईनं मला धरून विचारलं, "तू का खाल्लंस गं?"

"आबांनी बळंच कोंबलं."

आई त्यानंतर वर्षभर तुमच्याशी धड बोलली नाही. बरी अद्दल घडली, असं मी मनात म्हणायची.

दुसऱ्या खेपेला तपासणी झाली. शिरेतून ती साखर देताच रक्तातली साखर वाढायच्या ऐवजी झरझर उतरली, लगेच ग्लुकोज चढवलं, आणि माझ्या नाटकांना आजाराचं नाव मिळालं. तुम्ही दाराबाहेर टोपी चुरगाळत उभे होता. "चुकलो" हा शब्द काही तुमच्या तोंडून निघाला नाही. त्याऐवजी पाकात पडण्याआधी बाजूला काढलेले मूठभर भाजके शेंगदाणे कागदाच्या पुडीत घरी यायला लागले. तेवढे चालतील का, हे तुम्ही डॉक्टरांना विचारून आला होतात म्हणे. शेंगदाण्यांनी कधी माफी मागतात का? खायची मी, तरी तोंड वाकडं करूनच.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून आता लिहून टाकते. तुम्ही कोंबलं नव्हतं. वाटी पुढे धरून म्हणाला होतात, "घ्यायचं तर घे बाय, न्हाईतर देवापुडं ठिवतो." काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. पण तुम्ही मला त्याआधी कधी बाय म्हणाला नव्हतात, म्हणून मी हात पुढे केला. आणि दवाखान्यात मी खोटं बोलले, तेव्हा तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि आईला म्हणालात, "व्हय. म्याच कोंबलं."