अप्पांच्या कॅसेटमधली हाक

कात्रज, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शीलास, समाधानदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलू लागलो की आई शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र. तिची तब्येत ठीक आहे.

अप्पांच्या भजनाची कॅसेट तुला ठाऊकच आहे. रोज दिवेलागणीला ती ऐकल्याशिवाय आई घास घेत नाही. भजन संपता संपता अप्पा म्हणतात, "समाधान, दार लाव." आई माझ्याकडे बघते. मी उठून दार लावतो. दार आधीच बंद असले तर उघडून पुन्हा लावावे लागते. अप्पा गेले, पण माझे दार लावणे काही सुटले नाही. संध्याकाळी कुठे जाता येत नाही, तुझ्याकडे वर्ध्याला यायचे तर दूरच. देवापुढे बसून असले मनात येते, याची लाज वाटते.

आता आवाज घोगरा येऊ लागला, म्हणून कॅसेट सदाशिव पेठेत रंगरावांकडे नेली. ते जुन्या कॅसेटी नीट करतात. त्यांनी फितीवरची पांढरी बुरशी दाखवली. आईने भक्तीने कॅसेट देवघरात ठेवलेली. तिथे समईची ऊब, कापराची काजळी, अभिषेकाची ओल. रंगराव एवढेच म्हणाले, देवघर देवांसाठी असते. अशीच वाजवत राहिलो तर फितीवरचा थर निघून जाईल, आणि आवाज त्या थरातच असतो. साफ करून एकदाच वाजवायची आणि नक्कल उतरवून घ्यायची. नको ते वाक्य नकलेतून गाळता येईल, असेही ते सहज बोलले.

मी अजून त्यांना नको म्हटलेले नाही. तू काय म्हणतेस?

तुझा,
समाधानदादा


वर्धा
१० फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, सा. न. वि. वि.

गाळून टाक. दार तुझे, पायही तुझेच.

पण तुला निदान रोज हाक तरी येते. मी माझ्या मनाने लग्न केले त्या वर्षीची ती कॅसेट. अप्पांनी पुढे मला घरात घेतले, पण त्या वर्षाबद्दल कधी बोलले नाहीत. मी ती पूर्ण ऐकली आहे. माझे नाव कुठेच नाही.

आईला नमस्कार. राग मानू नकोस.

तुझी,
शीला


कात्रज, पुणे
२ मार्च

चि. सौ. शीलास आशीर्वाद.

काहीच गाळले नाही. तुझ्या पत्रातले 'हाक तरी येते' वाचले आणि काही गाळू नका, असे रंगरावांना सांगून आलो.

आई ती रोज लावू लागली त्याआधी, अप्पांनी आवाज भरणे जिथे थांबवले तिथेच ती कॅसेट कितीतरी वर्षे देवघरात पडून होती. तोंडाशी उघडी राहिलेली चार बोटे फीत सर्वांत खराब झाली. शेवटी येते ती नुसती खरखर, असेच आपण समजत आलो. रंगरावांनी बुरशी हलक्या हाताने पुसली, फीत नव्या डबीत घातली आणि नक्कल काढली. "दार लाव" नंतर अप्पा म्हणतात, "थांब. आधी शीला आली का बघ."

मूळ कॅसेट आता कपाटात, कोरड्या डब्यात उभी ठेवली आहे. देवघरात छोट्या स्पीकरवर नक्कल वाजते. पहिल्या संध्याकाळी मी सवयीने दाराकडे गेलो, तर आई म्हणाली, "आधी बघ."

आता रोज जिन्यापर्यंत जातो. परत येऊन आईला 'नाही आली' म्हणून सांगतो, आणि मग दार लावतो.

लोभ आहेच. तो पत्राने न पाठवता स्वतः घेऊन ये.

तुझा,
समाधानदादा