मामाजीच्या राहुटीचं भोक

रिद्धपूर, वैशाख वद्य सप्तमी

सौभाग्यवती बेबीताईले धाकट्या गोवर्धनचा दंडवत.

ताई, पयले कबूल करून टाकतो, मंग तब्येत इचारतो. तुह्या सासऱ्याच्या राहुटीच्या छताले वीतभर भोक पडलं हाये, अन् थे म्याच पाडलं. ओसरीवर बसून वाचत असशीन तं उठून आत जाय. मामाजीनं इचारलं का माहेरचं पत्र काय म्हणते, तं समदे खुशाल हायेत म्हणून सांग. आमी खरंच खुशाल हावो. लहान्याले दात आले का? मामाजीचा दमा कसा हाये? (जोरात असन तं एका परीनं बरंच, ओरडाले दम पुरनार नाही.)

तुह्या उपकाराची गोष्ट मी इसरलो नाही. बाबाचा हिवताप दोन महिने उतरे ना, तवा अमरावतीच्या डाक्टरनं आठ दिवस चिखलदऱ्याची हवा खाले सांगलं. तिथले बंगले साहेबलोकाईचे. आपल्यासारख्याईनं पडावाच्या मैदानात राहुटी ठोकावी. राहुटी कोणाजवळ, तं जंगलच्या ठेकेदाराजवळ, म्हंजे तुह्या सासऱ्याजवळ. तू त्याईच्या मांगं लागली, अन् त्याईनं देतानी म्हणलं का एक सूत जरी उसवलं तं या घरातून तुह्या माहेरी पुन्हा सुपही जानार नाही. हे तूच लिवलं होतं. म्हणून भोकाचं पयले सांगलं.

आता हे झालं कसं थे आईक. आपल्या घरात कोणी कधी कपड्याच्या घरात झोपलं नाही. बाबा पडावावर उतरला तवा अंगात ताप होता, पण कडक जमीन पाह्यली अन् त्याचे हात सिवसिवले. खुंट्या ठोकाच्या पयले त्यानं जागा खांदली, ढेकळं फोडली, अन् मायनं वरून तीन घागरी पाणी घातलं. खुंट्या लोण्यात गेल्यासारख्या गेल्या. (जशा सुखानं गेल्या तशाच सुखानं निंगतीन हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या घरात जे गाडलं थे मूळ धरते.) मंग पडावाचा शिपाई नत्थुजी आला अन् म्हणे, वळवाचा पाऊस येते, राहुटीभवताल नाली खांदा. पाण्याले बाहेर काढाची नाली बाबानं जन्मात खांदली नाही. त्यानं संत्र्याच्या झाडाले करते तसं गोल आळं केलं, काठ थापून थापून गुळगुळीत केला, अन् राहुटी मधात. इतकं देखणं आळं का मैदानातले वकिलाचे पोरं पाहाले आले.

शेजारच्या राहुटीत एलिचपूरचा नबीचाचा होता, शामियाने शिवनारा, अन् त्याची बायको कुलसुमबी. वकिलाईच्या तंबूचं फाटलंतुटलं शिवाले आला होता. त्यानं आळं पाहून दाढी खाजवली अन् म्हणे, "सहदेवभाऊ, पानी झाडाले पायजे. तंबूले नाही."

बाबा म्हणे, "तुमी कपडा पाहा चाचा. पाण्याचं मले नोका शिकवू."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपला होता, माय तांदूळ निवडत होती, अन् टपोरा पाऊस आला. खुंट्या ढिल्या झाल्या, छताले झोळ पडला, झोळात पाणी साचलं, म्हशीच्या पोटासारखं खाली आलं. खालून आळं भरलं, मायचं सूप तरंगाले लागलं. मधला खांब कलला, बाबाच्या छातीच्या रोखानं. तवा मी वर जांभळाच्या फांदीवर होतो, हातात कलमाचा चाकू. छताले चीर पडली, समदं पाणी धारेनं बाबाच्या तोंडावर आलं, छत हलकं झालं, खांब जागीच राह्यला. बाबा उठला, वर पाह्यलं, चाकू पाह्यला, अन् धोतरानं तोंड पुसलं. माय मातर आळ्याबद्दल दोन दिवस बोलत होती.

मंग कुलसुमबीनं हात धरून मायले आपल्या राहुटीत नेलं, बाबाले कोरडं पांघरुण देल्लं. माय पयल्या दिवशी म्हणे चूल तुमची, पातेलं माहं. तिसऱ्या दिवशी पातेलंही कुलसुमबीचंच होतं, अन् माय तिले भाजी कमी तिखट करते म्हणून शिकवून राह्यली होती. नबीचाचानं भोकाले ठिगळ लावलं. टाके असे बारीक का मुंगी अडखळनार नाही. मजुरी घेतली नाही. बाबा त्याच्या आंगणात संत्र्याचे दोन कलमं लावून देनार हाये (आळं मातर चाचा सोताच करनार). बाबाचा ताप उतरला, ताई. सकाळी भाकर मांगून खाते. ही राहुटी तुह्यामुळं भेटली, हे आमी जलमभर इसरनार नाही.

तुहा भाऊ,
गोवर्धन

ता. क. राहुटी सोमवारी गाडीवानासंगं पाठवतो. खाकी कपडा भेटला नाही, म्हणून ठिगळ मायच्या हिरव्या लुगड्याचं हाये. दुरून छतावर मेथीचा वाफा उगवल्यासारखा दिसते. मी घडी अशी घातली का हिरवं आत राहीन. तू सोता उतरवून घे अन् माळ्यावर टाक. मामाजी जंगलात गेले असतीन तं उत्तमच.

आणखी ता. क. तरीबी त्याईनं उघडलीच, तं भोक गोवर्धननं पाडलं म्हणून सरळ सांग. तुह्यावर येऊ देऊ नोको. मी पातूरले तुह्या सासरी येतो, ओसरीवर उभा राह्यतो, जितक्या शिव्या असतीन तितक्या खातो.

शेवटचं. भोक पावसाच्या आंधी दोन दिवसाचं होतं. बाबा झोपला का मी फांदीवरून दोऱ्याले कोंबडीचं पीस बांधून त्या भोकातून खाली सोडो अन् त्याच्या कानात फिरवो. थो माशी समजून सोताच्याच कानफटात मारे, माय पदरानं वारा घाले. त्या दिवशी चीर थोडी वाढवाले चाकू काढला, अन् पाऊस आला. पाण्याच्या भारानं चीर फाटली; पाणी आपल्या अकलेनं गेलं, माह्या नाही. पण बाबानं गावात समद्याईले सांगलं का माह्या पोरानं वक्तावर छत चिरून मले वाचवलं. काल बाजारात शेषराव पाटलाजवळ त्यानं मले पोट्ट्या म्हणलं नाही, गोवर्धन म्हणलं. सतरा वर्सात पयल्यांदा. म्हणून हात जोडतो ताई. भोकाचं ज्याले सांगाचं त्याले सांग, पण पिसाचं कोणालेच सांगू नोको, मायलेबी नाही, अन् हे पान चुलीत घाल.