दोन डोळ्यांनी काढलेले शेठ

३ फेब्रुवारी

पट्टी काढली. भिंत निळी!

नर्सला विचारलं, रातोरात रंग दिलात की काय? "पांढरीच आहे हो आजी." आजी! पण तिच्या नाकावरची पुटकुळीसुद्धा दिसली मला. फिट्टंफाट.

उजवा डोळा नवा, डावा अजून मोतीबिंदूचा. डावा मिटला की सगळं धुतलेलं, उजवा मिटला की तेच सगळं चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखं. डाव्याची तारीख दहा मार्च.

काल शेठ दिवसभर बाहेर बाकावर बसून होते. मला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, "नाही, आज नाही जमणार. आज घरचं काम आहे." घरचं काम म्हणजे मी! लग्नाला जन्म लोटला तरी मी नवऱ्याला शेठच म्हणते. त्यांच्या बियांच्या दुकानात पाकिटांवर टोमॅटो रंगवायचं काम मागायला गेले होते, तेव्हाची सवय.

५ फेब्रुवारी

दिवसातून चारदा थेंब. शेठच घालतात. मला माझी मान वर करून नेम धरता येत नाही — गालावर, कानात, कुठेही. "वर बघ. सगळं छान होणार आहे." हे वाक्य प्रत्येक थेंबाबरोबर फुकट.

मला गडद चष्मा दिलाय. यांनीही कुठून तरी तसाच आणला. "तुझ्या जोडीला!" दोघं काळे चष्मे लावून गॅलरीत बसलो. समोरच्या घरातली पोरं खिदळत होती. या वयात हे चाळे!

९ फेब्रुवारी

आज वर स्टुडिओत गेले. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं एकेक करून उलटली. सगळी तपकिरी! समुद्र तपकिरी, आकाश तपकिरी, बिचारी वांगीसुद्धा तपकिरी.

याच चित्रांवर लोकांनी काय काय लिहिलं होतं. "विझत चाललेल्या जगाची साक्ष." मीही ऐटीत व्याख्यानं दिली — माझा निराशावाद म्हणून. मोतीबिंदू होता तो!

आधी हसू आलं, मग चांगलंच रडू आलं. शेठना सांगितलं, तर म्हणतात, "म्हणजे तुझं जगाचं दुःख डॉक्टरने एका दुपारी काढून टाकलं म्हण की!"

१० फेब्रुवारी

सुचलं! एकच कॅनव्हास, एकच चेहरा. डावी बाजू जुन्या डोळ्याने बघून रंगवायची, उजवी नव्या. निराशा आणि आशा, मध्ये नाकाची रेघ. दहा मार्चच्या आत व्हायला हवं. नंतर जुना डोळा पुन्हा मिळायचा नाही.

चेहरा अर्थात शेठचा. पाकिटावरच्या टोमॅटोला कधी कीड नसते, आणि शेठचा त्या टोमॅटोवर विश्वास. न उगवणारं बी तेवढं मला दिसतं. आमच्या घरात ही वाटणी पहिल्यापासून आहे.

पण नाहीच म्हणाले! "माझं कशाला? फुलदाणी काढ." कुणी कॅमेरा काढला की आधी पुढे जाऊन उभा राहणारा माणूस! मग अटी घातल्या — संध्याकाळी, दिव्याखाली, पिवळा दिवाच हवा. मी म्हटलं, चित्रकार कोण आहे? दिवसाच, खिडकीपाशी. शेवटी तोडगा निघाला: काळा चष्मा राहू दे, डोळे सगळ्यात शेवटी.

१४ फेब्रुवारी

नव्या डोळ्यावर कापूस बांधून जुन्याने काम. रडका अर्धा व्हायला हवा ना? होतच नाही! गाल गुबगुबीत, सुरकुत्या गायब, रंग उबदार. वीस वर्षांपूर्वीचे शेठ. निराशा इतकी गोड कशी निघते?

१९ फेब्रुवारी

नव्या डोळ्याची बाजू सुरू केली. इथे सगळं टोचतं. गालाचं हाड, मानेच्या दोऱ्या. कातडीच्या रंगात पिवळा घालत गेले, घालत गेले, तरी कमीच. इतक्या वर्षांचा हात असा कसा चुकतो? डोळा अजून बसला नसेल.

शेठची कॉलर सैल झालीय. म्हटलं, काय हो, वाळलात? "पोट कमी केलंय. आता चित्रात यायचंय ना!"

२० फेब्रुवारी

थेंब आता दोनदाच. शेठ मात्र चारदा विचारून जातात.

२४ फेब्रुवारी

नणंद आली होती. कॅनव्हाससमोर कमरेवर हात ठेवून उभी. "वहिनी, हा इकडचा अर्धा आमचा दादा. तो तिकडचा आजारी दिसतो."

मला राग आला. म्हटलं, अगं तो आशेचा अर्धा आहे!

"असेल बाई. पण तुझ्या आशेला एकदा डॉक्टरला दाखवून आण."

शेठ हसले. सगळ्यात मोठ्याने आणि जरा जास्तच वेळ.

२५ फेब्रुवारी

उजव्या गालावरचा पिवळा खरवडला. गुलाबी चढवला. पाकिटावर चढवायचे तसा. छान झालं. खोटं झालं. पुन्हा खरवडलं.

२ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नव्या डोळ्याला काही दिवस सगळं जरा निळसर दिसेल. आज म्हटलं, बघूच. दूध निळसर. चादर निळसर. कपबशी, माझं मनगट, वर्तमानपत्र — सगळंच निळ्याकडे झुकलेलं.

मग एकटे शेठच पिवळे कसे?

जिना उतरून विचारता आलं असतं. विचारलं नाही. घाबरले. इथे तरी खरं लिहायला काय हरकत आहे?

४ मार्च

डोळे काढायचा दिवस. म्हटलं, चष्मा काढा. "आधी चहा घेऊ." नको. "ऊन सोसत नाही गं." ढग आहेत, काढा.

काढला.

बुबुळाभोवतीचं पांढरं कधी निव्वळ पांढरं नसतं. थोडा राखाडी, कोपऱ्यात किंचित गुलाबी. तसं मिसळलं. चूक. चिमूटभर पिवळा. चूक. आणखी. आणखी. शेवटी लिंबाच्या पाकिटाला वापरायचे तो पिवळा. ब्रश तसाच त्यांच्या डोळ्याजवळ नेऊन धरला. तंतोतंत!

मग नवा डोळा झाकला आणि जुन्याने पाहिलं. काही नाही. शेठ ठणठणीत, नेहमीसारखे. ज्या डोळ्याला मी निराशेचा म्हणत होते, त्यानेच मला इतके दिवस सुखात ठेवलं होतं.

"शेठ, कधीपासून?"

त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, मिटल्या. "तुझा दुसरा डोळा होऊ दे, मग सांगणार होतो."

"काय सांगणार होतात?"

"पित्ताच्या नळीपाशी गाठ आहे. काढावी लागेल. डॉक्टर म्हणाले, सगळं छान होईल."

"असं म्हणाले डॉक्टर?"

"नाही. ते मी म्हणतोय."

५ मार्च

दिवसभर भांडी आपटली. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला साधं पिवळं दिसू नये, आणि याने ते दिसू देऊ नये! त्याला एकेरीत लिहिलंय, राहू दे तसंच. आज शेठबीठ कोणी नाही.

संध्याकाळी थेंबांची बाटली घेऊन आला. उभा राहिला. मी वर बघितलं. या वेळी फुकटचं वाक्य आलं नाही.

६ मार्च

माझी दहा तारीख रद्द केली. शेठ चिडले. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा! "एक डोळा अर्धवट ठेवून कसं चालेल? पुढे तुला एकटीला औषधांवरची अक्षरं वाचावी लागली तर?"

म्हणजे पाकिटावरच्या टोमॅटोला कीड लागते हे या माणसाला माहीत होतं. माझ्या आधीपासून माहीत होतं. मला वाटायचं, न उगवणारं बी फक्त मलाच दिसतं!

म्हटलं, एक डोळा पुरे आहे तुम्हाला बघायला. आणि मग मीच रडले, दोन्ही डोळ्यांनी.

७ मार्च

चित्र पुरं केलं. डावा डोळा पांढरा, उजवा पिवळा. गुलाबी कुठेही चढवला नाही. कुठला अर्धा आशेचा, ते आता मला सांगता येत नाही. नणंदेने चित्रासमोर तोंडाला पदर लावला.

शेठनी जवळ जाऊन पाहिलं. म्हणाले, "लिंबू झकास आलंय."

९ मार्च

सर्जनकडे गेलो. उद्या सकाळी करतील. गाठ किती पसरलीय ते उघडल्यावरच कळेल म्हणाले. आधी झालं असतं तर बरं झालं असतं, हेही म्हणाले. मी विचारलं, आधी म्हणजे कधी?

त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ खिडकीकडे.

"दोन फेब्रुवारीला यांच्यासाठी सगळी तयारी करून थांबलो होतो आम्ही. आले नाहीत म्हणून फोन केला, तर म्हणाले, आज नाही जमणार. आज घरचं काम आहे."